दोन एक्केचाळीस

सोमवारी सकाळी सव्वानऊला प्रमिलाबाईंनी फायलीला लावण्यासाठी नोटिशीची कार्बन प्रत उचलली, सहज नावावर नजर गेली आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या.

नोटीस शनिवारी रजिस्टर पोस्टाने रवाना झालेली होती. मजकूर छापखान्यातून छापून आणलेला नेहमीचा: 'आपण दि. १६ पासून कोणतीही पूर्वसूचना न देता ११ दिवस गैरहजर आहात. आपले हे वर्तन शिस्तीस सोडून आहे. आपणांस कामावरून कमी का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत करावा.' तारीख, दिवसांचा आकडा आणि नाव-पत्ता एवढंच संगणक मोकळ्या जागेत उमटवायचा. त्या जागेत हिंगणीच्या लहानू मडावीचं नाव असायला हवं होतं. तिथे नाव होतं महादेवराव इखार, केळझर.

महादेवराव कामगार नव्हते. 'धरणी अवजारे' या वर्ध्याच्या कारखान्याचे फवारणी पंप आणि पिकातलं तण काढायचे डवरे विकणारे ते सगळ्यात मोठे दुकानदार. मालक बाबारावांचे वडील हयात होते तेव्हापासूनचे. गेल्या साली एकट्या केळझरच्या दुकानातून सहाशे पंप गेले होते. यंदा मात्र मे महिना सरत आला तरी त्यांची मागणी आलेली नव्हती, आणि बाबाराव रोज सकाळी आल्या आल्या एकच प्रश्न विचारत, "केळझरचं काही आलं का?"

आता केळझरला जे गेलं होतं ते हे.

प्रमिलाबाईंनी डोकं शांत ठेवायचा प्रयत्न केला. गेला महिनाभर कारखान्यात एकच विषय होता. धरणीकडे तीन संगणक होते आणि तिन्हींचं एकमेकांशी काही देणंघेणं नव्हतं. एकावर कामगारांची हजेरी, दुसऱ्यावर गोदामाचा माल, तिसऱ्यावर दुकानदारांची यादी. तिन्ही तीन वेगवेगळ्या माणसांनी बनवून दिलेले. बाबारावांनी नागपूरहून इंजिनिअर बोलावला आणि सांगितलं, तिन्ही एक करा. इंजिनिअर चार दिवस राहिला, फ्लॉप्या या यंत्रातून त्या यंत्रात घातल्या, आणि शुक्रवारी दुपारी गाडीची वेळ झाली तेव्हा त्याचं शेवटचं काम उरलं होतं. पडद्यावर प्रश्न आला होता: जुने क्रमांक तसेच ठेवायचे का?

"तुम्ही ठरवा आणि बटन दाबा," असं म्हणून तो बॅग भरायला लागला होता.

प्रमिलाबाईंनी गोदामाचे नानाजी शेजारी उभे होते त्यांना विचारलं. नानाजींची कारखान्यात अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि संगणकावर त्यांचा तिळमात्र विश्वास नव्हता.

"नंबर बदलवू नका बाई," ते म्हणाले. "माह्या गोदामातल्या दुकानदारायच्या साऱ्या पाट्या रंगवून झाल्या आहेत."

प्रमिलाबाईंनी 'हो'चं बटन दाबलं. कामगारांत एक्केचाळीस नंबर लहानूचा होता. दुकानदारांत एक्केचाळीस नंबर महादेवरावांचा होता. याद्या एक झाल्या आणि एकाच यादीत दोन एक्केचाळीस नांदायला लागले. शनिवारी सकाळी यंत्राने नोटिशीसाठी एक्केचाळीस शोधला, त्याला पहिले महादेवराव सापडले. मग जास्त विक्री करणाऱ्या दुकानदारांच्या सत्काराची निमंत्रणं छापताना पुन्हा एक्केचाळीस लागला, तेव्हा ते यादीत पुढे सरकलं आणि लहानूला जाऊन भिडलं. प्रमिलाबाईंनी पाकिटं बंद करण्याआधी हजेरीपटाशी क्रमांक ताडून पाहिला होता. क्रमांक अगदी बरोबर होता. नाव पाहायचं त्यांना सुचलं नव्हतं.

गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. अकरा वर्षं त्या या कचेरीत टायपिस्ट होत्या. संगणक आले तेव्हा टायपिस्टची जागा मोडली आणि त्यांना सहा महिन्यांसाठी संगणकावर बसवलं. मुदत जूनअखेर संपत होती. काम जमलं तर कायम, नाही जमलं तर परत जायला मागे जागाच उरलेली नव्हती.

त्या उठून गोदामात गेल्या आणि कार्बन प्रत नानाजींपुढे धरली. नानाजींनी ती दोनदा वाचली. मग टोपी काढून मांडीवर ठेवली.

"महादेवरावले कामावरून काढून टाकलं?"

"काढलं नाही अजून. का काढू नये ते विचारलंय."

"बाई, या माणसाच्या दुकानात पाय देला तं पह्यले पाणी, मंग चहा, मंग गोष्ट. याच्या बापालेई कोणी असं बोललं नसन."

"पोस्टमन केळझरला किती वाजता वाटतो?"

"अकराच्या सुमारास."

"साहेब आज चारच्या गाडीनं परत येणार आहेत," प्रमिलाबाई म्हणाल्या. "तुम्ही चला माझ्यासोबत. मला ते ओळखत नाहीत."

नानाजींनी टोपी डोक्यावर ठेवली. नंबर बदलवू नका असं कोण म्हणालं होतं, हे दोघांनाही आठवत होतं आणि दोघंही त्यावर बोलले नाहीत.

नागपूरची एसटी पावणेदहाला सुटायची ती दहा वाजून दहा मिनिटांनी सुटली. सेलूला ड्रायव्हर चहाला उतरला. प्रमिलाबाई खिडकीतून त्याच्या बशीकडे पाहत होत्या. इतका सावकाश चहा पिणारा माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

"पोस्टमन भेटला तं मी त्याले बोलण्यात गुंतवतो," नानाजी हळूच म्हणाले. "तुमी पाकीट काढून घ्या."

"रजिस्टर आहे नानाजी. सही घेतल्याशिवाय तो देणार नाही."

"मंग सही करा."

"महादेवराव म्हणून?"

नानाजी रस्त्यावर पोस्टमनची सायकल दिसते का ते पाहू लागले.

केळझरला उतरले तेव्हा साडेअकरा झाले होते. दुकान रस्त्यालगतच होतं. पुढे बियाण्याची पोती, वर दोरीला टांगलेली फवारणीची नळकांडी, आत गादीवर महादेवराव. साठी ओलांडलेला, भरदार मिशांचा माणूस. पोस्टमन सायकलवर टांग टाकून नुकताच निघाला होता. गल्ल्याच्या पेटीवर, वजनाच्या मापाखाली, लांबोडकं खाकी पाकीट होतं. फोडलेलं नव्हतं.

"या या नानाजी," महादेवरावांनी गादीवर जागा केली. "आन् ह्या बाई?"

"आमच्या कचेरीतल्या. प्रमिलाबाई."

"बसा बाई. अरे, पाणी आना." मग त्यांनी पाकीट उचललं. "पाह्यलं, तुमचंच नाव काढून राह्यलो होतो. आत्ताच तुमच्या कंपनीचं रजिस्टर आलं. चष्म्याची दांडी मोडली, तो नागपूरले देला आहे. बरं झालं तुमी आले. फोडा आन् वाचा."

पाकीट आपणहून नानाजींच्या हातात आलं. नानाजींनी ते न फोडता खिशाकडे वळवलं.

"मी घरी नेऊन नीट वाचतो आन् कळवतो."

"घरी काऊन? माह्यासाठी आलं आहे ना?"

नानाजींना पाकीट फोडावं लागलं. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी गोदामाचा एक खिळा खोटा लिहिला नव्हता. त्यांनी कागद डोळ्यांपुढे धरला, घसा साफ केला आणि वाचलं, "सप्रेम नमस्कार."

"कंपनीच्या कागदात सप्रेम नमस्कार?"

"आता नवीन पद्धत आहे. आपण..." इथे ते अडले. छापील ओळ डोळ्यांपुढून हलेना. "आपण... अकरा..."

"अकरा काय?"

"अकरा वाजता," नानाजी म्हणाले, आणि एकदा रस्ता सापडल्यावर भराभर निघाले. "येत्या गुरुवारी अकरा वाजता कारखान्यात आपला सत्कार आहे. तरी आपण यावं. बाबाराव."

महादेवरावांनी आत हाक मारली, "आयकलं का वं? इकडं ये. वर्ध्याले सत्कार आहे म्हनते आपला. रजिस्टर करून बोलावनं धाडलं बाबारावनं."

देवकाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्या सातवी शिकलेल्या होत्या, आणि दुकानात येणारा प्रत्येक कागद शेवटी त्यांच्याच हातातून जाई, हे नानाजींना ठाऊक नव्हतं. त्यांनी तारीख पाहायला म्हणून कागद सहज ओढून घेतला. प्रमिलाबाईंचा हात अर्धवट पुढे झाला आणि तिथेच राहिला.

देवकाबाईंनी एक ओळ वाचली. नवऱ्याकडे पाहिलं. पुन्हा वाचली, आणि मग मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत, "आपले हे वर्तन शिस्तीस सोडून आहे. आपणांस कामावरून कमी का करण्यात येऊ नये..."

दुकानात तुरीचं बी घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक होतं. ते पोत्यातला हात तसाच ठेवून उभं राहिलं. नानाजी जमिनीकडे पाहत होते. महादेवरावांच्या मिशा किंचित हलल्या. पत्नीच्या हातातला कागद त्यांनी घेतला, उलटासुलटा केला आणि विचारलं, "किती दिवस लेहले आहेत?"

"अकरा," देवकाबाई म्हणाल्या. "सोळा तारखेपासून."

"महादेवराव," प्रमिलाबाई उभ्या राहिल्या. "हे पत्र तुमच्यासाठी नाहीच. माझ्या हातून चूक झाली. आमच्या यादीत..."

महादेवरावांनी हात वर करून त्यांना थांबवलं. ते सावकाश उठले, पायात चपला सरकवल्या आणि दुकानाच्या मागच्या बाजूला गेले. तिथे ताडपत्रीखाली मोठा ढीग होता. त्यांनी ताडपत्रीचं टोक उचललं. खाली पिवळेधमक पंप होते. धरणीचे पंप निळे असत.

"सोळा तारखेले मी नागपूरले गेलतो," ते पाठमोरेच म्हणाले. "त्या दुसऱ्या कंपनीवाल्यानं लय आग्रह केला. सस्ते लावून देतो म्हने. दोनशे उचलले. कोणाले सांगतलं नाई. हिले सोडून कोणाले माहीत नाई." ते वळले. "बाबारावले कसं समजलं?"

नानाजी वाकून पिवळे पंप मोजू लागले.

"मी सांगतलं होतं तुमाले," देवकाबाई म्हणाल्या.

"सांगतलं होतं." महादेवराव गादीवर येऊन बसले. रागावण्याऐवजी त्यांचा चेहरा मऊ होत गेला. "पाहा नानाजी. दुसरा असता तं मानूस धाडून तमाशा केला असता. यानं काय केलं? गैरहजर म्हनलं. परक्या मानसाले कोणी गैरहजर म्हनते का? घरचा समजला म्हनून लेहलं. बापावर गेलं पोरगं."

"पण महादेवराव, ते खरंच चुकून..." प्रमिलाबाईंनी पुन्हा सुरुवात केली.

"चुकून कसं, बाई? तारीखबी बरोबर, दिवसबी बरोबर. माह्या इज्जतीसाठी तुमी खोटं बोलून राह्यल्या, मले समजते. नानाजीनंबी म्हनून सत्काराचं काढलं मधातच."

"सत्कार खरा आहे," नानाजी कळवळून म्हणाले.

"असं? वरतून सत्कारबी?" महादेवरावांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "लेह वं खुलासा. आन् खाली लेह, सातशे पंप पाठवा. निळे."

परतीच्या एसटीत प्रमिलाबाईंच्या पर्समध्ये देवकाबाईंच्या वळणदार अक्षरातला खुलासा होता.

"साहेबाले खरं सांगाचं का?" नानाजींनी विचारलं.

"सांगायचं," प्रमिलाबाई म्हणाल्या.

त्यांनी चार वाजता तसं केलंही. निदान सुरुवात तरी केली. पण बाबारावांनी खुलासा वाचला, खाली सातशेचा आकडा पाहिला आणि खुर्चीतून उठून संगणकाजवळ जाऊन उभे राहिले.

"इंजिनिअर बोलला होता मले," ते म्हणाले. "तिन्ही याद्या एक झाल्या का, आजवर न दिसलेल्या गोष्टी दिसतीन. तिसऱ्या दिवशी दिसल्या."

"साहेब, यात क्रमांकांची सरमिसळ..."

"तेच तं म्हणून राह्यलो. वेगवेगळं होतं तवा काहीच समजत नोतं. प्रमिलाबाई, एक तारखेपासून तुमी कायम. नानाजी, तुमचं काय म्हणणं आहे आता याच्यावर?"

नानाजींनी प्रमिलाबाईंकडे पाहिलं, मग यंत्राकडे. "याद्या एक केल्या नसत्या तं हे झालं नसतं, साहेब," ते म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं.

त्या रात्री प्रमिलाबाईंना झोप लागली नाही. मंगळवारी त्यांनी पहिलं काम केलं ते दुकानदारांच्या प्रत्येक क्रमांकात पाचशे मिळवण्याचं. गोदामाच्या पाट्या न बोलता नानाजींनी पुन्हा रंगवल्या. लहानूला गेलेल्या निमंत्रणाचं निस्तरायचं राहिलं होतं. प्रमिलाबाईंनी त्याला पोस्टकार्ड टाकलं की तुला आलेलं पत्र चुकून आलं आहे, गुरुवारी येऊ नये. हिंगणीला रजिस्टरने गेलेलं निमंत्रण दोन दिवसांत पोचलं होतं. साधं कार्ड शुक्रवारी पोचलं.

गुरुवारी कारखान्याच्या आवारात कापडी मांडव होता. पुढे तीन खुर्च्या, टेबलावर तीन शाली आणि तीन नारळ. आर्वी आणि पुलगावचे दुकानदार वेळेवर आले. महादेवराव फेटा बांधून आले आणि त्या दोघांच्या मधे बसून त्यांना दबक्या आवाजात काहीतरी सांगू लागले. ते ऐकता ऐकता आर्वीच्या दुकानदाराने दोनदा घाम पुसला आणि पुलगावचा खिशातून मागणीचा कागद काढून त्यावरचा आकडा खोडू लागला.

पावणेअकराला फाटकातून लहानू आला. अंगात धुवट सदरा, हातात पाकीट, मागे नव्या लुगड्यात त्याची बायको धुरपता. बाबारावांनी त्याला लांबूनच ओळखलं. तेरा-चौदा दिवस कामावर न आलेला फिटर धुवट सदरा घालून थेट मांडवात शिरत होता.

"हा इथं काऊन?"

प्रमिलाबाई पुढे झाल्या. "साहेब, जरा गोदामामागे येता का?" त्या म्हणाल्या, आणि पाच मिनिटांत त्यांनी दोन एक्केचाळीसांची सगळी हकीकत सांगून टाकली. या वेळी बाबारावांनी एकदाही मधे तोंड घातलं नाही.

"मंजे महादेवरावले जे गेलं ते..."

"लहानूचं."

"आन् लहानूले?"

"महादेवरावांचं."

बाबाराव भिंतीला हात टेकून उभे राहिले. मांडवातून महादेवरावांचा आवाज येत होता. "वर्ध्यात बसून त्याले सारं दिसते, बापा. दिवससुदिक मोजते थो." लहानूला परत पाठवलं तर तो विचारणार, पत्र दाखवणार. चूक झाली म्हणावं तर ती कोणती, कुणाची, कोणाऐवजी कोण, हे चारचौघांत निघणार. एक चूक उघडी पडली की दुसरी झाकून राहणार नव्हती, आणि दुसरीच्या खाली सातशे पंप होते.

"शाली किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"तीन."

"चौथी आना."

नानाजी सायकल घेऊन बाजारात पळाले. चौथी खुर्ची मांडली गेली. बाबारावांनी चौघांचा सत्कार केला आणि लहानूच्या गळ्यात हार घालताना त्याच्या डोळ्यांकडे पाहायचं टाळलं.

"हे कोणते दुकानदार?" महादेवरावांनी विचारलं.

"हिंगणी भाग," बाबाराव म्हणाले, आणि लगेच, "चला, चहा तयार आहे."

"चहा पिऊ ना. आमी तिघंई दोन दोन शब्द बोललो, त्याईलेबी बोलू द्या."

लहानू उभा राहिला. त्याने नारळ बायकोकडे दिला आणि शाल सावरली.

"मी चौदा रोज कामावर आलो नाई," तो म्हणाला. "खरं सांगतो, मले वाटलं नोटीस येते. तं सत्काराचं पत्र आलं. तवा मनलं, साहेबाच्या कानावर गेलं वाटते."

बाबारावांनी डोळे मिटून घेतले.

"आपल्या कंपनीचे पंप गावात बंद पडून होते. कोणाचा वायसर गेला, कोणाची नळी फुटली. लोकं म्हणे, लहानू, तुह्या कंपनीचा माल बेकार आहे. मले लाज वाटे. मी बसलो घरी आन् सुधरवत गेलो. बोर नदीच्या काठच्या गावायचे चौपन पंप झाले. आता पाच वर्ष तिकडं कोणाले नवीन पंप घ्याचं काम नाई."

तो खाली बसला. पंप विकणारे तिघं आणि पंप बनवणारा एक, चौघांनाही या भाषणाचं काय करावं ते समजेना. शेवटी आपण मालक आहोत हे आठवून बाबारावांनी टाळ्या वाजवल्या.

महादेवराव मात्र लहानूकडे टक लावून पाहत होते. ते खुर्ची ओढून त्याच्याजवळ सरकले.

"भाऊ, केळझरले येतं का? माह्या दुकानात बसजो. दुरुस्तीवाला जवळ असला तं गिऱ्हाईक दुसरीकडं जाईन कायले? पगार सांग."

"पुलगावले रेल्वे आहे," पुलगावचा दुकानदार म्हणाला. "जाण्यायेण्याले बरं."

"लहानू कुठी जात नाई," बाबारावांचा आवाज त्यांच्या स्वतःच्याही अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "तो कंपनीचा मानूस आहे. कंपनीनंच त्याले त्या भागात धाडलं होतं." मग ते प्रमिलाबाईंकडे वाकून हळू म्हणाले, "त्याची हजेरी काय लागली आहे?"

"गैरहजर, साहेब."

"खोडा ते. दौऱ्यावर लिहा."

प्रमिलाबाईंनी वही उघडली. इतका वेळ शेजारीच नारळ मांडीवर घेऊन मुकाट बसलेल्या धुरपताने पदर सारखा केला आणि पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"दौऱ्यावर म्हनल्यावर भत्ता लागू होते ना जी?"